बीटलच्या चासीवरची जुनी फायबरग्लास किट कार : दुरुस्ती, जुळणी आणि अडलेले प्रश्न (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

जुनी चासी

गेली दोन वर्षे सवडीने ज्या गाडीचे काम करतो आहे, तिच्याविषयी आज सविस्तर लिहीत आहे, कारण तीन ठिकाणी काम अडले आहे आणि एकट्याच्या विचाराने ते सुटेल असे वाटत नाही. ही किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जुळवायची गाडी, दोन आसनांची, बंद छपराची आणि १९७०च्या दशकातल्या घडणीची आहे. खाली फोक्सवॅगन बीटलची पूर्ण लांबीची चासी आहे, म्हणजे दोन्ही आसांमधले अंतर मूळचेच २४०० मिलिमीटर आहे, आणि वर फायबरग्लासची बॉडी आहे. बॉडी कोणी ओतली हे कळायला मार्ग नाही, कारण तिच्यावर ना पाटी आहे ना शिक्का. आधीच्या मालकाने ती अर्धवट जोडून ठेवली होती आणि जुळणीची पुस्तिका केव्हाच गहाळ झाली होती.

चासीचे काम मी आधी उरकले. उजव्या बाजूचा तळपत्रा बॅटरीखाली चाळणीसारखा झाला होता. बीटलमध्ये बॅटरी मागच्या आसनाखाली असते आणि तिच्यातून पाझरलेले आम्ल थेट तळपत्र्यावर उतरते, त्यामुळे यात नवल काही नव्हते. तो पत्रा कापून नवा वेल्ड केला. ब्रेकचे सर्व रबरी होज, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलले. इंजिन १६००चे असून ते चालू स्थितीत आहे, म्हणून तूर्त त्याला हात लावलेला नाही.

आता अडचणी सांगतो. पहिली अशी की बॉडीवर, विशेषतः बिजागऱ्यांभोवती आणि पुढच्या दिव्यांच्या खोबणीजवळ, जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा गेल्या आहेत. एकदा लांबी (पुट्टी) भरून, घासून प्रायमर मारला, तर दोन महिन्यांत त्याच रेषा पुन्हा वर आल्या. दुसरी अडचण डाव्या दाराची आहे. ते मागच्या बाजूला वर अकरा मिलिमीटर फट सोडते आणि खाली चौकटीला घासते. तिसरी विजेची आहे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, आणि इंडिकेटर लावला की टेललॅम्प त्याच्या तालावर लुकलुकतो.

राळ आणि रेती

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण बोटींच्या कामामुळे माझा हात त्यातच बसलेला आहे.

जेलकोट हा बॉडीचा सर्वांत वरचा आणि सर्वांत ठिसूळ थर असतो. त्याच्यात काचेचा एकही धागा नसतो, त्यामुळे मागचा थर वाकला की तो सोबत वाकत नाही, फुटतो. भेगा बिजागऱ्यांभोवती आणि दिव्यांजवळ आहेत, याचाच अर्थ तिथे बॉडी आजही वाकते आहे. वरून लांबी भरणे म्हणजे हलत्या भिंतीला गिलावा करणे होय, आणि दोन महिन्यांत रेषा परत आल्या हा त्याचा पुरावाच आहे. म्हणून दुरुस्तीची सुरुवात मागच्या बाजूने करावी. आतला रंग, धूळ आणि ग्रीस काढून ४० ते ६० नंबरच्या पेपरने पृष्ठभाग खरखरीत करा, आणि बिजागरीच्या मागे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चॉप्ड मॅटचे (काचेच्या तोडलेल्या तंतूंच्या चटईचे) तीन-चार थर चढवा. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा दोन बोटे मोठा असावा, म्हणजे जाडी एकाएकी संपणार नाही. जाडी जिथे एकाएकी संपते, तिथेच पुढची भेग जन्म घेते. या वजनाच्या मॅटचा एक थर सुकल्यावर साधारण एक मिलिमीटर जाड होतो, त्या हिशेबाने अंदाज बांधता येईल.

मागचे काम पक्के झाल्यावर मगच बाहेरून भेगा काढा. प्रत्येक भेगेपुरती खाच पाडत बसू नका. जाळ्याचा सगळा भाग काचेचे धागे दिसेपर्यंत उथळ बशीसारखा घासा, त्यावर काचेच्या बारीक टिश्यूचे दोन थर चढवा आणि मग लांबी फिरवा. जिथे आरपार तडा गेला आहे, तिथे कडांना लांबट उतार द्या. जाडीच्या बारापट उतार हा आमच्या कामातला नेहमीचा हिशेब आहे, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने छत्तीस मिलिमीटर. नवा थर जुन्या थराशी रसायनाने एकजीव होत नाही, केवळ चिकटून राहतो, म्हणून चिकटण्याचे क्षेत्रफळ वाढवणे एवढेच आपल्या हाती असते.

संपूर्ण बॉडी एकदा नाण्याने ठोकून पाहा. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि थर सुटले असतील तिथे बद्द येतो. पेन्सिलीने त्या जागांभोवती रेघा ओढून ठेवा. जुन्या गाडीवर एका दुपारी चाळीसएक वर्तुळे निघाली तरी घाबरण्याचे कारण नाही.

सुरक्षेविषयी एक गोष्ट ठासून सांगतो. काचेच्या तंतूंना बांधणाऱ्या पॉलिस्टर रेझिनला (राळेला) घट्ट करणारे एमईकेपी हे द्रव पेरॉक्साइड आहे, आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याखेरीज बाटलीचे झाकणसुद्धा उघडू नये, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. काही रेझिनांसोबत कोबाल्टचा प्रवेगक वेगळा मिळतो. तो आणि एमईकेपी हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच दुसरा घालावा. घासताना धुळीचा मास्क आणि रेझिनच्या वेळी वाफेचा मास्क लागतो. हे दोन वेगळे मास्क आहेत आणि एक दुसऱ्याचे काम करीत नाही.

नवशिका

मध्येच विचारतो, याबद्दल क्षमस्व. पॉलिस्टरऐवजी इपॉक्सी वापरले तर अधिक पक्के होणार नाही का? आणि रेझिनमध्ये एमईकेपी नेमके किती घालावे?

राळ आणि रेती

इपॉक्सी जुन्या पॉलिस्टरला उत्तम चिकटते, किंबहुना पॉलिस्टरपेक्षा चांगले चिकटते. अडचण नंतर येते. इपॉक्सीवर पुढे पॉलिस्टर रेझिन किंवा जेलकोट चढवायचा झाल्यास तो नीट धरत नाही, म्हणजे त्या जागी पुढच्या सर्व दुरुस्त्याही इपॉक्सीनेच कराव्या लागतात. शिवाय साध्या चॉप्ड मॅटमधले तंतू ज्या बांधकाने एकत्र धरलेले असतात, तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सी वापरायचे तर विणलेले कापड घ्यावे. या गाडीला मी पॉलिस्टरच वापरले असते.

एमईकेपीचे प्रमाण वजनाने एक ते दोन टक्के असते. थंडीत दोनकडे आणि उन्हाळ्यात एककडे झुकावे, आणि पंधरा अंशांच्या खाली तापमान असेल तर त्या दिवशी कामच करू नये. एका वेळी पाव किलोहून अधिक रेझिन कालवू नका. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि ब्रश बुडवेपर्यंत धुरासकट गोठते.

उलटा पाना

दाराविषयी एक प्रश्न आधी विचारतो, कारण उत्तर त्यावरच ठरेल. दाराखालच्या उंबऱ्याची दुरुस्ती आपण केली असल्यास, त्या वेळी बॉडी चासीवर बोल्टने कसलेली होती की घोड्यांवर (टेकूच्या स्टँडवर) ठेवलेली होती?

उत्तर येईपर्यंत सर्वसाधारण मुद्दा मांडतो. बीटलची चासी म्हणजे मधोमध एक पोकळ कणा आणि दोन्ही अंगांना पातळ तळपत्रे. ही चासी एकटी पुरेशी ताठ नसते. मूळ गाडीत तिचा पीळ रोखण्याचे मोठे काम पोलादी बॉडी करीत असे, विशेषतः दारांखालून जाणाऱ्या, हीटरची गरम हवा वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्या. किट बसवताना ती पोलादी बॉडी काढून टाकली जाते, आणि तिच्या जागी येते ती काही मिलिमीटर जाडीची, सहज वाकणारी फायबरग्लासची बॉडी. चांगल्या किटमध्ये उंबऱ्याच्या आत चौकोनी पोलादी नळी बसवलेली असे आणि ती चासीला कसलेली असे. स्वस्त किटमध्ये ती नसे, आणि त्या गाड्यांची दारे एका बाजूच्या जॅकवर गाडी उचलली की उघडत नसत.

पोलादी गाडीत आपण कोणतीही वस्तू बॉडीला कसली, की तिचा भार पत्र्यातून आपोआप चासीपर्यंत पोचतो. फायबरग्लासमध्ये तो बोल्टच्या भोकापाशीच अडतो आणि भोकाची कड चुरते. म्हणून बिजागरी, दाराचे कुलूप, आसनाची पट्टी, स्टिअरिंगचा आधार या प्रत्येकामागे धातूची पट्टी हवी, आणि ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे, तिच्या पट्टीपासून चासीपर्यंत पोलादाचा सलग मार्ग हवा. सीटबेल्टचे बोल्ट आपल्या गाडीत कशाला कसलेले आहेत, हे आजच पाहा.

जुनी चासी

आपला प्रश्न वाचला आणि दाराचे उत्तर तिथेच मिळाले. डावा उंबरा मी घोड्यांवरच दुरुस्त केला होता. बॉडी उलटी ठेवली की आतून हात पोचतो, म्हणून तसे केले, आणि दोन घोडे एका पातळीत आहेत की नाहीत हे डोळ्यांनीच ठरवले. काल पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पातळी पाहिली, तेव्हा बॉडीचा डावा मागचा कोपरा नऊ मिलिमीटर वर निघाला. म्हणजे बॉडीचा पीळ मी स्वतःच्या हाताने, मॅटचे चार थर चढवून, कायमचा पक्का केला होता.

सीटबेल्ट पाहिले. ते लिहितानाही संकोच वाटतो. खांद्यावरच्या पट्ट्याचा बोल्ट चाकाच्या कमानीच्या फायबरग्लासमधून आरपार गेलेला होता आणि मागे बाटलीच्या झाकणाएवढा एक वॉशर होता. बोटांनी वॉशर हलवला, तर भोकाभोवतीचा पांढरा पडलेला भाग भुसभुशीत लागला. आसने आजच काढून ठेवली आहेत, म्हणजे नुसती गल्लीतून फेरी मारण्याचा मोहसुद्धा होणार नाही.

उलटा पाना

उंबऱ्याचे चार थर कापावेच लागतील. शिम (फटीत सारायच्या पातळ चकत्या) घालून नऊ मिलिमीटरचा पीळ ओढून घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो ताण बॉडीत कायम राहील आणि रंगावर भेगांच्या रूपाने दिसेल. आधी चासी चार टेकूंवर पातळीत आणा. मग बॉडी आणि चासी यांच्यातली रबरी पट्टी बसवून बॉडी सर्व बोल्टांनी कसा. दार बिजागऱ्यांवर लावा, चहूकडे पाच मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या अडकवून ते चौकटीत पाचरून ठेवा, आणि त्यानंतरच उंबरा आडवा कापा. कापताक्षणी फट उघडेल किंवा मिटेल. त्या अवस्थेत, दार जागेवर असतानाच, नवे थर चढवा आणि त्याच वेळी आत चौकोनी नळी बसवून टाका.

बेल्टसाठी सर्रास चालणारा बोल्ट ७/१६ इंचाचा असतो, इंचाला २० आटे. तो बसेल असा वेल्ड-नट जाड पोलादी पट्टीवर घेऊन ती पट्टी नळीला आणि नळी चासीला जोडावी. हे वेल्डिंग मात्र, आपला हात कितीही बसलेला असो, दुसऱ्या जाणत्याला दाखवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

बारा व्होल्ट

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. वरची चर्चा भाराबद्दल चालली आहे, पण विजेची गोष्टही अगदी तीच आहे.

पोलादी गाडीत दिव्याला एकच तार जाते. परतीचा प्रवाह दिव्याच्या बुडातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाला जातो. फायबरग्लास वीज वाहत नाही, त्यामुळे मूळ बीटलची वायरिंग जशीच्या तशी उचलून या बॉडीत टाकली, तर एकाही दिव्याला परतीची वाट उरत नाही. आपल्या गाडीत कोणीतरी मागच्या दिव्यांना मिळून एक सामाईक तार दिलेली असणार आणि तिचे टोक गंजलेले किंवा सैल असणार. इंडिकेटरच्या प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही, तेव्हा तो टेललॅम्पच्या तंतूतून उलट दिशेने शिरतो आणि तिथून वाट काढतो. लुकलुकणारा टेललॅम्प म्हणजे ही चोरवाट आहे. रिले बदलू नका, स्विच बदलू नका.

उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. पुढे एक आणि मागे एक अशा दोन पितळी पट्ट्या बसवा. प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपरची मोटर आणि डॅशबोर्डवरचा प्रत्येक मीटर यांची परतीची तार स्वतंत्रपणे जवळच्या पट्टीवर आणा, आणि दोन्ही पट्ट्यांपासून जाड तार थेट चासीवर, रंग खरवडलेल्या जागी, कसा. इंधनाच्या टाकीला विसरू नका. टाकी पत्र्याची असली तरी ती फायबरग्लासवर बसलेली असते, त्यामुळे आतल्या तरंगत्या सेन्सरलाही स्वतःची परतीची तार लागते.

पुढच्या दोन दिव्यांचे ६० वॉटचे बल्ब मिळून साधारण १० अँपिअर घेतात. हा प्रवाह पन्नास वर्षांच्या स्विचमधून नेण्यापेक्षा रिलेमधून न्यावा. स्विचने फक्त रिलेचा चिमूटभर प्रवाह सांभाळावा. प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज असावा, कारण फायबरग्लास वीज वाहत नसला तरी पेटतो मात्र चांगला.

आणखी एक पाहा. बीटलचा गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतो, म्हणून त्याच्यापासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. इंजिन काढताना-घालताना ती हमखास जोडायची राहते. आपल्या गाडीत ती आहे का?

जुनी चासी

नाही. म्हणजे नव्हती. गाडीखाली आडवा होऊन टॉर्चने पाहिले, तर गिअरबॉक्सच्या नाकाशी बोल्ट होता, पट्टी नव्हती. स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटरची केबल कोमट का लागते, हे कोडे मला वर्षभर पडले होते. पट्टी नसल्यामुळे स्टार्टरचा सगळा परतीचा प्रवाह त्या केबलमधून येत होता. नवी पट्टी बसवली आणि स्टार्टरचा आवाजच बदलला. आजवर बॅटरी जुनी झाली असे समजून मी दोनदा चार्ज करून आणली होती.

नवशिका

आपली गाडी कोणत्या किटची आहे, हे ओळखता येणार नाही का? एवढे कष्ट घेताना तिचे नाव तरी माहीत असावे, असे वाटते.

राळ आणि रेती

नाव मिळाले तरी ते खरे असेलच असे नाही. बीटलच्या चासीवर फायबरग्लास बसवण्याची लाट ज्याने मोठी केली, तो ब्रूस मायर्स कॅलिफोर्नियात बोटींचे काम करणारा माणूस होता. १९६४ साली त्याने मायर्स मँक्स ही डून बग्गी, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर चालवायची उघडी गाडी, घडवली. पहिल्या बारा गाड्यांत फायबरग्लासचे कवचच सांगाड्याचे काम करीत होते. ते फार खर्चाचे पडले, म्हणून नंतर त्याने बीटलची चासी सव्वाचौदा इंचांनी आखूड करून तिच्यावर साधी बॉडी बसवली. गाडी लोकप्रिय होताच नकलांचा पूर आला. मायर्सने पेटंटसाठी दावा लावला आणि तो हरला. तयार बॉडीवरून साचा काढता येतो, ही फायबरग्लासची सोयही आहे आणि शापही. एक बॉडी विकत घ्यायची, मेण लावायचे, तिच्यावरून साचा उचलायचा, की नवा कारखाना सुरू. म्हणून त्या काळातल्या अनेक बॉड्या दुसऱ्याच बॉडीच्या नकला आहेत, आणि नकलेची नक्कल झाली की रेषा मऊ पडतात. बॉनेटवरची कड हाताला धारदार लागते की गोल, यावरून थोडाफार अंदाज येतो.

उलटा पाना

ब्रिटनमध्ये कारण निराळे होते. तिथे सुट्या भागांच्या रूपात विकलेल्या गाडीवर खरेदीकर लागत नसे. लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स गाडीचा किट म्हणून खप होण्यामागे तेही कारण होते. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. १९७१च्या नोव्हा या किटमध्ये तर दारेच नव्हती, छप्पर आणि काच मिळून एक अखंड झाकण वर उचलले जाई. ज्यांना दाराच्या फटींनी छळले आहे, त्यांनी त्या कल्पनेचा हेवा जरूर करावा, पण पावसात ते झाकण उघडून आत शिरताना आसन भिजते, हेही ध्यानात घ्यावे.

जुनी चासी

बरेच महिने इथे लिहिले नव्हते. त्या काळात झालेले काम एकत्र नोंदवतो.

उंबरा कापला. करवत शेवटच्या दोन मिलिमीटरांवर आली, तेव्हा बॉडीने टक् असा आवाज केला आणि मागचा कोपरा आपसूक खाली बसला. दार आता चहूबाजूंनी पाच ते सहा मिलिमीटरची फट ठेवते. खाली पुढच्या कोपऱ्यात ती सात आहे आणि सातच राहणार आहे. दोन्ही उंबऱ्यांत चौकोनी नळी बसवली, आसनांमागून एक आडवी नळी चासीला जोडली आणि बेल्टचे बोल्ट तिच्यावर घेतले. वेल्डिंग एका जाणत्या कारागिराने तपासले आणि एक जोड पुन्हा करायला लावला.

उलट्या बॉडीचे आतले अंग घासताना एक गंमत सापडली. प्रवासी बाजूच्या पायाखाली, रेझिनच्या थराच्या आत, पेन्सिलीने लिहिलेला आकडा आहे. सतरा. ज्याने ही बॉडी ओतली, त्याने ओल्या मॅटच्या आधी तो लिहिला असणार. तेवढीच ओळख. तिथे मी ग्राइंडर फिरवला नाही.

रंगाच्या बाबतीत राळ आणि रेती यांनी व्यक्तिगत निरोपात दिलेला सल्ला सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून इथे नोंदवतो. जुना रंग काढण्यासाठी पत्र्यावर चालणारा रिमूव्हर वापरू नये, तो रेझिनमध्ये मुरतो आणि नव्या रंगाखाली फोड आणतो. वाळूचा फवाराही टाळावा, कारण तो जेलकोट फोडून आतली बारीक पोकळ छिद्रे उघडी पाडतो. म्हणून सगळी बॉडी हातानेच घासली, ८० नंबरपासून ४००पर्यंत. घासण्याआधी साच्याच्या मेणाचा अंश द्रावणाने पुसून काढणे आवश्यक असते, नाहीतर पेपर ते मेण आतच चोळतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे उठतात. प्रायमर मारल्यावर बॉडी सहा आठवडे उन्हात ठेवली, म्हणजे दुरुस्तीच्या जागी मॅटचे जे ठसे उमटायचे ते रंगाआधीच उमटावेत. तसे ते दोन ठिकाणी उमटलेच. मला गडद निळा रंग हवा होता, पण गडद रंग उन्हात अधिक तापतो आणि ठसे अधिक दाखवतो, हे ऐकून फिकट करड्यावर आलो. अजूनही कधीकधी निळ्याची हळहळ वाटते.

उलटा पाना

करडा रंग योग्य आहे. आता इंजिनच्या खोलीकडे लक्ष द्या. हवेवर थंड होणारे इंजिन मूळ बीटलमध्ये चहूबाजूंनी पत्र्यांनी आणि रबरी पट्टीने दोन भागांत विभागलेले असते. वरून थंड हवा आत, खालून गरम हवा बाहेर. किटच्या बॉडीत हे पत्रे बसत नाहीत म्हणून ते फेकून दिलेले मी अनेक गाड्यांत पाहिले आहेत. मग पंखा सायलेन्सरवरून तापून वर आलेलीच हवा पुन्हा ओढतो. १९७१च्या आधीच्या पंख्याच्या घरात ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच बसलेला असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला आधीच हवा कमी मिळते, आणि पहिला जळतो तोच. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बॉडीच्या आकाराचा विभाजक बनवा.

दुसरे म्हणजे गाडीची मागची बाजू उंच उभी असेल. फायबरग्लासची बॉडी मूळ बॉडीपेक्षा हलकी, पण टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या, तेच. बारच्या आतल्या टोकाला ४० खाचा असतात आणि बाहेरच्या टोकाला ४४, म्हणजे एक खाच आत ९ अंशांची आणि बाहेर ८ अंश ११ मिनिटांची. आतले टोक एका दिशेने आणि बाहेरचे उलट दिशेने एकेक खाच फिरवले, की फरक अवघा ४९ मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पडतो. त्याहून बारीक बदल होत नाही आणि त्याहून बारीक लागतही नाही. फिरवण्याआधी दोन्ही टोकांवर खूण करायला विसरू नका, हे मी स्वतःला उद्देशून सांगतो आहे.

बारा व्होल्ट

आणि कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप नवा घाला, आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालणारा. पेट्रोलचा फिल्टर इंजिनवर लोंबकळत ठेवू नये. तिथे पाइप सुटला तर खाली तापलेले इंजिन असते. फिल्टर गिअरबॉक्सच्या बाजूला, आगभिंतीच्या पुढे ठेवावा.

जुनी चासी

गाडी अखेर रस्त्यावर आली. कागदपत्रे दात्या, म्हणजे जिची चासी घेतली त्या, बीटलच्या चासी क्रमांकावरच असल्यामुळे नोंदणीच्या तपासणीत तो क्रमांक कण्यावर स्वच्छ वाचता येईल असा ठेवला होता. पहिल्या फेरीत पुढची चाके ब्रेकला लवकर अडकतात असे जाणवले. इंजिन मागे आणि नाक हलके, म्हणून तसे होते. सध्या ब्रेक हळू दाबायची सवय लावून घेतो आहे, पुढच्या चाकांकडचा दाब कमी करावा का याचा विचार नंतर करीन. पावसाची चाचणी बादलीने घेतली. पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून पाणी येते, कारण तिथे मी चौकटीची कड दुरुस्त करताना ती दीड मिलिमीटर पातळ ठेवली आणि रबर तिला घट्ट धरत नाही. ती कड पुन्हा एका थराने जाड करावी लागेल. इंधनाचा काटा पहिल्याच दिवशी बरोबर चालला.

आतली सजावट साधी ठेवली. तळाला बिटुमेनचे पत्रे, वर पातळ फेल्ट आणि काळा गालिचा. बॉडीचे बोल्ट मात्र गालिचाखाली गाडायचे नाहीत, कारण नवी रबरी पट्टी बसते आणि बोल्ट सैल होतात. पाचशे किलोमीटरनंतर पाना लावला तेव्हा अकरा बोल्ट पाव फेरा फिरले आणि डाव्या मागच्या कोपऱ्यातला जवळजवळ अर्धा. म्हणून पायाखालचा गालिचा चिकटवलेला नाही, टिचबटणांवर बसवला आहे. प्रवासी बाजूची बटणे उघडली की बोल्टही हाताशी येतात आणि तो सतराही दिसतो.

राळ आणि रेती

काचेच्या कडेला थर चढवण्याआधी काच काढा, रबर काढा आणि त्या जागेचे सिलिकॉन पूर्ण पुसा. सिलिकॉनवर रेझिन धरत नाही. आणि या वेळी बॉडी चासीवर कसलेलीच असू द्या.